पाणी गेलं कुठे

आमच्या घरात कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता आणि तरी आमचं उत्तम चाललं होतं. आई दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघायची. बाबा भाजीवाल्याच्या तराजूखाली चुंबक आहे का ते चाचपून बघायचे. दादा बोटीवरून सुट्टीवर आला की आपल्या पेटीच्या झाकणात एक दोरा अडकवून ठेवायचा, म्हणजे कुणी पेटी उघडली तर कळावं. आणि मी तो दोरा अलगद काढून, आतलं सगळं बघून, पुन्हा होता तसा अडकवून ठेवायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जेवताना सगळे एकमेकांना आग्रह करून वाढायचे. एकटी ताई तेवढी भोळी, असं आम्ही म्हणायचो. आता मागे वळून बघताना वाटतं, ती भोळी नव्हती. तिला फक्त तोवर तपासून बघण्यासारखं काही मिळालं नव्हतं.

मुलुंडला पूर्वेकडे, मिठागरांच्या बाजूला आमची बैठी चाळ होती. खारा वारा यायचा आणि त्याने खिडक्यांचे गज, सायकली, पत्रे, सगळं गंजून जायचं. पाणी यायचं ते पहाटे, उजाडायच्या आत, आणि तेही तासदीड तास. आधी नळातून नुसती हवा यायची, कुणी दात ओठ खाऊन श्वास सोडावा तशी. मग खाकरल्यासारखं व्हायचं आणि मग धार. त्या हवेच्या आवाजाला बाबा उठायचे. पिंप, घागरी, कळश्या, शेवटी चहाचं भांडंसुद्धा भरून झालं की ते हातात बॅटरी घेऊन मोरीपासून दारापर्यंत एक फेरी मारायचे. कुठे थेंब गळतोय का, हे बघायला. थेंब म्हणजे बाबांच्या लेखी गुन्हा. नळाच्या दुकानात एक काळी आणि एक पांढरी अशा दोन वड्या मिळायच्या. त्या एकत्र मळल्या की कणकेसारखा गोळा व्हायचा आणि लावला की दगडासारखा घट्ट बसायचा. आम्ही त्याला नुसतं ‘सील’ म्हणायचो. आमच्या घरातला एकही नळ, एकही पाइप, पिंपाची एकही तोटी सीलवाचून नव्हती. बाबा गोळा लावायचे, थुंकी लावून ओला केलेला अंगठा त्यावर दाबायचे आणि वर म्हणायचे, “गप.” जणू ते भोक बडबड करत होतं.

बाबा आधी परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. तिथेच त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा मधोमध उभा फाटला होता. टाके घातले, जखम भरली, पण मधे एक घळ कायमची राहिली. गिरणी बंद पडल्यावर ते भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले, आणि मुळातला संशयी माणूस संशय घेण्याच्याच नोकरीला लागल्यावर जे व्हायचं ते झालं. घरी आलेल्या पाहुण्याच्या पिशवीकडेसुद्धा त्यांची नजर जायची.

अशा घरात दादाने मोटरसायकल आणली. दादा, म्हणजे आमचा प्रकाश, बोटीवर भंडारी होता. भंडारी म्हणजे स्वयंपाकी. त्याच्या बोटीवरच्या एका साहेबाने जपानहून रीतसर कागदपत्रं करून ती गाडी आणली होती आणि वर्षाच्या आत दादाला देऊन टाकली. लाल रंगाची, रुंद टाकीची, आणि पुढच्या चाकामागे मोटारीला असतो तसा छोटा रेडिएटर. आमच्या भागात तेव्हा ज्या काही मोटरसायकली होत्या त्यांची इंजिनं वाऱ्यावर थंड व्हायची. या गाडीला पाणी लागतं, हे ऐकून चाळीतली माणसं हसायला लागली. आईला तर ते पटेचना. माणसाला प्यायला पाणी नाही आणि हिला कसलं पाणी, असं ती दोन-तीनदा म्हणाली. बाबा मात्र हसले नाहीत. एवढ्या लांबून हौसेने आणलेली वस्तू साहेब फुकापासरी का देईल, हा त्यांचा प्रश्न होता. कागद दाखवले तरी त्यांचं समाधान झालं नाही. बापलेकांची चांगलीच जुंपली आणि शेवटी बाबा सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, “चोरीचो माल तो. त्या गाडयेक मी हात लावचंय नाय.” दादाही हट्टी. तो म्हणाला, नकाच लावू. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं आईच्या मार्फत चालायचं, आणि आई दोघांचे निरोप आपल्या मनाने बदलून सांगायची.

ताईचं लग्न त्याच पावसाळ्यानंतर व्हायचं ठरलं होतं. मुलगा वसंत, घाटकोपरचा, भांडुपलाच एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. साखरपुडा झाला होता. सडपातळ, नीटनेटका माणूस. शर्टाच्या खिशात कायम घडी घातलेला रुमाल असायचा आणि स्कूटर उभी केली की आधी तो त्या रुमालाने सीट पुसायचा. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला येई. आई त्याच्यासाठी मुद्दाम सुरमई आणायची आणि मधला, जाडजूड तुकडा त्याच्या ताटात पडायचा. मासा कुणाच्या ताटात कुठला पडतो, यावरून आमच्या घरात त्या माणसाची पत कळायची. दादा घरी असताना त्याला मधला, बाबांना डोकं, मला आणि ताईला उरलेलं. वसंत आल्यापासून मधला त्याचा झाला होता, आणि दादाने ते मुकाट्याने मान्य केलं होतं.

मेमध्ये दादा घराची कौलं परतायला आठवडाभर गावी गेला. गाडी अशीच उभी राहिली तर बॅटरी उतरेल, म्हणून रोज ती थोडा वेळ चालू करणं भाग होतं. बाबा हात लावणार नव्हते. मला ती चालू करता येत होती, पण मुलीच्या हातात किल्ली द्यावी हे दादाच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. किल्ली वसंतकडे गेली. जाताना दादाने त्याला बजावलं, नुसती चालू करायची, फिरवायची नाही. वसंत हसून म्हणाला, मला माझी स्कूटर बरी. रोज संध्याकाळी कंपनीतून सुटला की तो यायचा, गाडी चालू करून शेजारी उभा राहायचा, ताई चहा आणायची, आणि इंजिनच्या आवाजात दोघं काय बोलायची ते कुणाला ऐकू जायचं नाही. मला वाटतं, त्या आठवड्यात ती दोघं जितकी बोलली तितकी साखरपुड्यापासून बोलली नव्हती.

दादा परत आला आणि दुसऱ्याच सकाळी गाडी घेऊन ठाण्याच्या दिशेने गेला. चेक नाक्याच्या अलीकडेच इंजिनमधून वाफ यायला लागली. तो गाडी ढकलत घरी आला, घामाने निथळत. टाकीखालचं झाकण उघडून बघतो तर रेडिएटर कोरडा. त्याने पाणी भरलं. दोन दिवसांनी पुन्हा बघतो तर लोटाभर कमी. गाडीखाली मात्र एक थेंबही नाही. त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी ते जसंच्या तसं कोरडं. आईला पहिला संशय आला तो शेजारणीचा, कारण ती आमच्या पिंपातलं पाणी घेते असं आईचं फार दिवसांचं मत होतं. पण रेडिएटरमधून पाणी काढून ती काय करणार, असं मी विचारल्यावर आईने तो विषय सोडला. पूर्ण नाही सोडला, पण बाजूला ठेवला.

मग वसंत आला. दादाने विचारल्यावर तो सरळ म्हणाला, “अरे, मी सांगणारच होतो. सुरुवातीला इंजिनखालून थेंब पडत होता. डाव्या बाजूला, खाली. मी बघितला.”

दादा त्याला गाडीपाशी घेऊन गेला, वर्तमानपत्र दाखवलं, खाली हात फिरवून कोरडा हात दाखवला. “कुठे आहे थेंब?”

वसंत वाकून बघत राहिला. त्याने गाडी चालू करून बघितली, बंद करून बघितली. काहीच गळत नव्हतं. मी दारात उभी होते आणि मला त्याचा चेहरा दिसत होता. खोटं पकडल्यावर माणूस जसा दिसतो तसाच तो दिसत होता, आणि खरं बोलूनही माणूस तसाच दिसू शकतो हे समजायचं माझं वय नव्हतं. माझाही विश्वास उडाला. दादाचं गणित सोपं होतं: याने गाडी पळवली, तापवली, आतलं काहीतरी खराब केलं, आणि आता थेंबाची गोष्ट रचतोय.

सगळ्यांत ठाम होते बाबा. जे कधी दादाच्या बाजूने बोलत नव्हते ते या वेळी आईमार्फत नाही, थेट दादाला म्हणाले, की होय, ह्यानेच फिरवली असणार. बापलेक कित्येक महिन्यांनी एकमेकांशी बोलले ते वसंतच्या विरुद्ध. दादाला त्यामुळे चांगलाच जोर चढला. त्याला कधीही बोटीवरून बोलावणं येणार होतं, आणि त्याआधी वसंतच्या वडिलांना घाटकोपरला जाऊन सगळं सांगायचं, असं त्याने ठरवलं. किल्ली दिली तर गाडी उडवतो, बहीण दिल्यावर काय करील, हे त्याचं म्हणणं. लग्न मोडायचं, असं कुणी तोंडाने म्हणालं नाही. पण आईने पाहुण्यांसाठी बाजूला काढलेल्या नव्या पितळी वाट्या पुन्हा ट्रंकेत घातल्या, ते ताईने बघितलं आणि मीही.

त्या काळी साखरपुडा झालेली जोडी फिरायला निघाली की बरोबर धाकटी बहीण पाठवायची पद्धत होती. म्हणजे ते दोन पावलं पुढे आणि मी भेळेचा पुडा खात मागे. त्या बुधवारीही तसंच होतं. मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोघं थांबली. ताई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तिने हळूच विचारलं, “खरं सांगा, एकदा तरी फिरवलीत का? मी कुणाला सांगणार नाही.”

वसंतने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं चिडेल. तो चिडला नाही. त्याने हातातला भेळेचा पुडा, अर्धाही खाल्ला नव्हता, कठड्यावर ठेवला. “तू पण?” एवढंच म्हणाला, आणि रुमाल काढून हात पुसत स्टेशनच्या दिशेने चालायला लागला. ताई त्याला हाक मारू शकत नव्हती, कारण तेव्हा नवऱ्याला नावाने हाक मारत नसत आणि तो अजून नवराही नव्हता. आम्ही घरी आलो. तिने पोळ्या लाटल्या. मी आजवर तिच्या हातच्या एवढ्या वाकड्या पोळ्या खाल्लेल्या नाहीत.

दादाने मध्यंतरी गाडी आमच्याकडच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना दाखवली. मोटरसायकलला रेडिएटर बघून कुणी हात लावायला तयार नव्हतं. शेवटी नाक्यावर टॅक्स्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं, हळद टाक. टॅक्सीवाले तेव्हा सर्रास रेडिएटरमध्ये हळद टाकायचे. बारीक भेग असली तर ती हळदीने बुजते, असा अनुभव होता. दादा हळद मागायला लागला तेव्हा आई डबा पोटाशी धरून बसली. ती गावाहून आलेली, घरच्या शेतातली, उखळात कुटलेली हळद. माणसाच्या जखमेवर लावायची वस्तू, गाडीच्या काय लावायची? पण मुलगा आज ना उद्या बोटीवर जाणार, म्हणून तिने चमचा-चमचा करत वाटीभर काढून दिली. दादाने ती रेडिएटरमध्ये ओतली, वरून पाणी घातलं आणि गाडी चालू केली. झाकणाशी पिवळा फेस आला. काही फरक पडला नाही. पाणी जातच राहिलं, थेंब दिसतच नव्हता, आणि आता तर गाडीचा गियरही कुरकुर करायला लागला.

रविवारी वसंत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला. स्कूटर उभी केली, सीट पुसली, आणि एक जड पिशवी घेऊन आत येऊन बसला. आईने ताट वाढलं. माशाचा तुकडा त्याच्या ताटात पडला तो शेपटीचा. मी बघितलं, ताईने बघितलं, आणि वसंतनेही बघितलं. त्याने तो काटे काढून नीट खाल्ला, सोलकढी प्यायली, हात धुतले, आणि पिशवीतून नट खोलायचे पाने काढून म्हणाला, “प्रकाश, गाडी उघडूया. इथेच, सगळ्यांसमोर. जे निघेल ते निघेल.”

दुपारची वेळ होती. चाळीत सगळीकडे भांडी घासल्याचे आवाज, रेडिओवर गाणी, आणि आमच्या दारात गाडी. बाबा पायरीवर बसून विडी ओढत होते, गेटवर बसतात तसेच, सगळ्यांच्या हातांवर लक्ष ठेवून. काढलेले नट ठेवायला आईने जुनी परात दिली. गियर कुरकुरतो म्हणून वसंतने आधी खालचा बोल्ट काढून गियरचं तेल एका रिकाम्या डब्यात सोडलं. तेल काळपट यायला हवं होतं. डब्यात पडायला लागलं ते दाट, साईसारखं, पिवळंधमक. आजारी माणसाला हळद घालून दूध देतात, अगदी तसं.

सगळ्यांत आधी आई बोलली. ती दारातून खाली वाकली आणि म्हणाली, “ही माझी हळद.”

त्या एका वाक्याने दादाचं सगळं गणित उलटं झालं. हळद टाकली होती रेडिएटरमध्ये; ती निघाली गियरच्या तेलात. म्हणजे पाणी बाहेर पडतच नव्हतं. ते आतल्या आत तेलात मिसळत होतं. वसंतने डाव्या बाजूचं झाकण उघडलं. तिथे एक छोटा पंप होता, पाणी फिरवणारा. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला पाणी अडवणारी रबराची कडी आणि दुसऱ्या बाजूला तेल अडवणारी. पाण्याकडची कडी झिजली होती. पण मग तिथून झिरपलेलं पाणी तेलात का शिरलं? वसंत म्हणाला, अशा पंपांना दोन कड्यांच्या मधे खाली एक बारीक भोक ठेवतात, पाणी झिरपलं तर बाहेर पडावं आणि दिसावं म्हणून. त्याच्या कंपनीतल्या पंपांना असतं. मीच जमिनीवर आडवी होऊन बॅटरी धरली होती, म्हणून ते मलाच आधी दिसलं. भोकाच्या जागी एक काळपट फुगवटा होता. बाहेर पडायला वाट नाही म्हणून पाणी दुसऱ्या कडीतून तेलाकडे शिरलं होतं.

दादाने स्क्रूड्रायव्हरने तो उचकटला आणि तो टणकन परातीत पडला. दादा वसंतकडे वळला. मी त्याला एवढं शांतपणे बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “थेंब दिसत होता म्हणालास ना? मग हे बुजवलं कुणी? माझ्यापासून लपवायला तूच बुजवलंस.”

किल्ली वसंतकडे होती, थेंब त्याने एकट्याने बघितला होता, आणि भोक बुजवलेलं सगळ्यांसमोर निघालं होतं. त्या क्षणी चाळीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने वसंतचंच नाव घेतलं असतं.

मी परातीतून तो तुकडा उचलला. वाटाण्याएवढा, दगडासारखा. उलटा करून बॅटरीखाली धरला. वर अंगठा दाबल्याची खूण होती. रेषा अर्धवट उठल्या होत्या, पण मधोमध एक उभी घळ स्वच्छ दिसत होती. मी तो ठसा लहानपणापासून रोज बघत होते. दात घासताना, भांडी विसळताना, पिंपाची तोटी सोडताना. मला वाटलं बोलून टाकावं, पण लग्न ताईचं होतं. मी तो तुकडा तिच्या हातात ठेवला.

ताईने तो बघितला. ती उठली, मोरीत गेली, नळावरच्या सीलशी तो ताडून बघितला. परत आली ती सरळ पायरीपाशी गेली आणि तुकडा बाबांच्या समोर ठेवला. “बाबा, हे तुमचं आहे.”

बाबांनी विडी खाली ठेवली. तुकडा हातात घेतला, अंगठा त्यावर सहज बसला. मग म्हणाले, “गळत होता. मी बुजवलंय.”

दादा म्हणाला, तुम्ही तर गाडीला हात लावणार नव्हता. बाबांनी त्याच्याकडे न बघता मान हलवली. नंतर तुटक तुटक जे सांगितलं ते असं: पहाटे पाणी भरून झालं की ते बॅटरी घेऊन रोज फेरी मारायचे, आणि फेरीत गाडीपाशीही थांबायचे. पहिल्या दिवसापासून. तिच्यावरचं खारं दव आपल्या पंच्याने पुसायचे. आम्हाला वाटायचं दादा पुसतो, दादाला वाटायचं मी पुसते. एका पहाटे खाली थेंब दिसला. थेंब बघून गप्प बसणं त्यांना जमणारं नव्हतं. घरात शिल्लक राहिलेलं सील त्यांनी मळलं, लावलं आणि गप म्हणून आत आले. सांगायचं तर हात लावल्याचं कबूल करावं लागलं असतं. आणि गळती आपण बंद केली आहे हे पक्कं माहीत असल्यामुळेच, पाणी जातंय म्हटल्यावर त्यांची खात्री पटली की गाडी वसंतनेच तापवली. “माका वाटला, गळती तर मी बंद केलंय. मग पाणी ह्येनाच घालवल्यान.” आम्ही सगळे नुसते संशय घेत होतो. पुरावा एकट्या बाबांकडे होता, आणि तो त्यांचा त्यांनीच तयार केलेला होता.

दादा खाली बघत होता. मला वाटलं आता वसंत काहीतरी बोलेल, आणि त्याने बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. निदान एक शिवी तरी द्यावी. तो पंपावरची झिजलेली कडी रुमालात गुंडाळत होता. म्हणाला, घाटकोपरला एक जण मापाने अशा कड्या देतो, उद्या आणतो. दादा म्हणाला, मी आणतो. त्यावर वसंतने पहिल्यांदा आवाज चढवला. “नाही. मीच आणणार आणि मीच बसवणार. तुम्ही सगळे इथे उभे राहून बघायचं.”

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे ओळीने उभे, आणि तो एकेक नट परातीतून उचलून आधी आम्हाला दाखवल्यासारखा वर धरून मग लावत होता. नवी कडी बसली. आतलं पिवळं पाणी दोन-तीनदा धुवून काढलं, नवं तेल घातलं. भोकात सीलचा चुरा अडकला होता. तो निघेना तेव्हा बाबा आत गेले आणि स्टोव्हची पिन घेऊन आले. गाडीपाशी उकिडवे बसले आणि त्या पिनेने भोक आरपार मोकळं होईपर्यंत साफ करत राहिले. सगळ्यांसमोर, गाडीला हात लावून. दादाने त्यांच्या हातावर बॅटरी धरली. मला त्या दोघांचं तेवढं एकच जवळचं दृश्य आठवतं. दादाला पुढच्याच आठवड्यात बोलावणं आलं. गाडी झाकून उभी राहिली आणि काही वर्षांनी विकली. बाबा असेपर्यंत ती पिन खिडकीत खोचलेली होती.

पुढच्या रविवारी आईने वसंतच्या ताटात मधला तुकडा वाढला, नेहमीपेक्षा मोठा. त्याने ताट जरा पुढे ओढलं आणि अगदी साधेपणाने म्हणाला, “आई, मला शेपटीचाही चालतो.” दादा जायच्या आधी त्याच्याशी काहीतरी बोलला असावा, कारण दोघं नंतर चांगले वागायचे. किल्ली मात्र वसंतने पुन्हा कधी हातात घेतली नाही. दादाने एकदा हसत हसत पुढे केली होती. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. संसार चांगला झाला. मुलं शिकली, नातवंडं आली. वसंतभावोजींनी दादाला, बाबांना, आईला, कुणालाही त्या गोष्टीवरून कधी टोमणा मारला नाही, आणि आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिची जेवढी सेवा त्यांनी केली तेवढी आम्ही पोटच्या मुलांनी केली नाही. मी कित्येक वर्षं समजत होते की ते सगळं त्या परातीतच संपलं.

गेल्या दिवाळीत सगळे माझ्याकडे जमले होते. फराळ चालू होता आणि टीव्हीचा रिमोट सापडेना. मुलं उशा उलथून टाकत होती, माझी सून सोफ्याखाली झाडू घालत होती, मी नेहमीप्रमाणे मोलकरणीने कुठे ठेवला म्हणून कुरकुरत होते. कुणीही कुणाकडे बघितलं नव्हतं. भावोजी उठले. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे धरून हळूहळू उठले. पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढले. शर्टाच्या खिशातली रुमालाची घडी उलगडून झटकली. मग खांद्यावरची पिशवी उतरवली आणि टीपॉयवर रिकामी केली. चष्म्याची डबी, गोळ्यांची पाकिटं, छत्री, देवळातला प्रसाद.

ताई म्हणाली, “अहो, रिमोट आहे तो. असेल इथेच कुठेतरी.”

“बघून घे,” ते म्हणाले. “नंतर विचारायला नको.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलांना ती गंमत वाटली आणि ती हसली. ताई हसली नाही. ती टीपॉयशी बसली आणि त्या वस्तू एकेक करून पिशवीत परत भरायला लागली. मग त्यांच्या हातातला रुमाल घेऊन तिने पुन्हा घडी घातली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या खिशात ठेवला.